आकाशातला वाटाड्या

[पूर्वी अनोळखी मुलखात जाणारे लोक वाटाड्या बरोबर घेत. आज हे काम खिशातला मोबाइल फोन करतो. फोनला आपली जागा कशी कळते, मोटारसायकलवरून जाताना त्याचा उपयोग कसा करावा आणि कोणत्या वेळी त्याच्यावर विसंबू नये, हे या पाठात चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या उदाहरणाने सांगितले आहे.]

मुलांनो, समजा, पावसाळ्याचे दिवस आहेत. तुमचे मामू मोटारसायकलने चंद्रपूरहून भामरागडला निघाले आहेत. तुम्ही त्यांच्या मागे बसला आहात. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट आहे. मामू या रस्त्याने पहिल्यांदाच जात आहेत. जटपुरा दरवाजाजवळ त्यांनी गाडी उभी केली आणि फोनवर ‘भामरागड’ असे लिहिले. क्षणात पडद्यावर निळी रेघ उमटली. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली आणि मग भामरागड! दीडशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा रस्ता. मामू खूश होऊन म्हणाले, “चला, आता कुणाला काही विचारायची गरजच नाही!”

मामूंचे म्हणणे बरोबर आहे का? लगेच उत्तर देऊ नका. आधी ही निळी रेघ येते कुठून, ते पाहू.

‘नकाशा’ हा शब्द तुम्हांला नवा वाटणार नाही. तुमच्या उर्दूतला ‘नक़्शा’ तोच मराठीत ‘नकाशा’ झाला. मजल, मुक्काम, सफर हे प्रवासाचे शब्दही दोन्ही भाषांत आहेत. जुन्या काळी माणसे मजल-दरमजल करत जात आणि गावोगावी पुढची वाट विचारत. आपल्या देशाचे अचूक नकाशे तयार व्हायला फार कष्ट पडले. १८०२ साली विल्यम लॅम्टन या अधिकाऱ्याने मद्रासजवळ मोजणीला सुरुवात केली. कोन मोजण्याचे त्याचे यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचे होते. ते टेकड्यांवर, देवळांच्या शिखरांवर चढवून दूरच्या खुणांचे कोन मोजायचे आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडत पुढे जायचे, अशी ती पद्धत होती. वीस वर्षे हे काम केल्यावर १८२३ साली लॅम्टन मरण पावला, तो आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे. त्याची कबर आजही तेथे आहे. चंद्रपूरहून रेल्वेने नागपूरकडे जाताना वरोऱ्याच्या पुढे हे गाव लागते.

ज्या गोष्टीसाठी लॅम्टनने आयुष्य वेचले, ती आज फोन काही सेकंदांत करतो. ते कसे?

हे समजण्यासाठी शाळेच्या मैदानावर चला. मैदानात एक कडुनिंबाचे झाड, एक विहीर आणि एक झेंड्याचा खांब आहे. तुमच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आहे. कोणी सांगितले, “तू झाडापासून २० मीटरांवर आहेस,” तर तुम्ही झाडाभोवतीच्या एका वर्तुळावर कोठेही असू शकता. “विहिरीपासून ३० मीटरांवर आहेस,” असे कळले, की दोनच जागा उरतात. कारण दोन वर्तुळे एकमेकांना दोनच ठिकाणी छेदतात. खांबापासूनचे अंतर कळले, की तुमची जागा पक्की होते. तीन अंतरे कळली, की पट्टी न काढताही तुम्ही कोठे आहात ते सांगता येते.

झाड, विहीर आणि खांब यांच्या जागी आता आकाशातले उपग्रह आहेत, असे समजा. हे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात. प्रत्येक उपग्रहात अतिशय अचूक असे अणुघड्याळ असते. उपग्रह सतत संदेश पाठवत असतो : ‘मी अमुक ठिकाणी आहे आणि आता अमुक वेळ झाली आहे.’ हा संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर या वेगाने येतो. त्याला खाली पोहोचायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. संदेश निघाल्याची वेळ आणि पोहोचल्याची वेळ यांतील फरकावरून फोन उपग्रहाचे अंतर काढतो.

येथे वेळेला फार महत्त्व आहे. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरांची चूक होते. फोनमधले घड्याळ काही अणुघड्याळ नसते. म्हणून तीन उपग्रहांवर भागत नाही. फोन चौथ्या उपग्रहाचाही संदेश घेतो आणि त्याच्या मदतीने आपल्या घड्याळाची चूक दुरुस्त करतो.

या व्यवस्थेला जी.पी.एस. म्हणतात. अमेरिकेने ती आपल्या सैन्यासाठी उभारली. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडला गेला आणि १९९५ साली २४ उपग्रहांची पूर्ण व्यवस्था सुरू झाली. सुरुवातीला सामान्य लोकांसाठीच्या संदेशात मुद्दाम थोडी चूक घातली जात असे. मे २००० मध्ये ही पद्धत बंद झाली आणि सर्वांनाच जवळजवळ अचूक जागा कळू लागली. रशिया, युरोप आणि चीन यांनीही स्वतःचे उपग्रह सोडले आहेत. भारतही मागे राहिला नाही. आपल्या ‘इस्रो’ संस्थेने या कामासाठी पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये सोडला. सातवा उपग्रह एप्रिल २०१६ मध्ये गेल्यावर या भारतीय व्यवस्थेला ‘नाविक’ हे नाव मिळाले. नाविक म्हणजे नाव चालवणारा, उर्दूत ‘मल्लाह’.

आता एक महत्त्वाची गोष्ट नीट लक्षात घ्या. उपग्रहाचा संदेश ऐकायला मोबाइलची रेंज लागत नाही. रेडिओ ऐकताना तुम्ही आकाशवाणीला काही कळवत नाही, फक्त ऐकता. तसेच हे आहे. त्यामुळे आलापल्लीच्या पुढे जंगलात रेंज गेली, तरी फोनला आपली जागा कळू शकते. मग अडते कुठे? अडते नकाशापाशी. रस्ते, गावे, नद्या दाखवणारा नकाशा फोन इंटरनेटवरून मागवत असतो. रेंज गेली, की नवा नकाशा येणे बंद होते. पडद्यावर निळा ठिपका दिसतो. पण त्याच्याभोवती सगळे कोरे! म्हणून निघण्यापूर्वीच, घरी किंवा शहरात रेंज असताना, त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा. गडचिरोली जिल्ह्याचा बहुतेक भाग जंगलाने व्यापलेला आहे. तेथे ही तयारी फार उपयोगी पडते. सागाच्या दाट पानांखाली उपग्रहाचा संदेशही क्षीण होतो. अशा वेळी ठिपका थोडा सरकतो, कधी रस्ता सोडून शेतात गेलेला दिसतो. घाबरू नये. मोकळ्या जागी आल्यावर तो जागेवर येतो.

जागा कळली, नकाशा मिळाला. पण अनेक रस्त्यांतून एक कसा निवडायचा? त्यासाठी फोन ठरावीक पायऱ्यांनी हिशेब करतो. अशा पायऱ्यांच्या हिशेबाला ‘अल्गोरिदम’ म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल्-ख्वारिज्मी या थोर गणितज्ञाच्या नावावरून आला आहे. सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याची एक प्रसिद्ध रीत नेदरलँड्सच्या डाइक्स्ट्रा या शास्त्रज्ञाने १९५९ साली प्रसिद्ध केली. यंत्र प्रत्येक रस्त्याची लांबी आणि लागणारा वेळ यांची बेरीज करते आणि सर्वांत लहान बेरीज निवडते.

हिशेब चुकत नाही. मात्र ज्या माहितीवर तो केला, ती माहिती चुकीची किंवा जुनी असू शकते. नकाशावर सारख्याच रेघेने दाखवलेला एक रस्ता डांबरी असतो, तर दुसरा बैलगाडीची पांदण असते. पावसाळ्यात पांदणीत मोटारसायकलची चाके रुततात. नकाशात नाल्यावर रपटा असतो. पण आज त्या रपट्यावरून गुडघाभर पाणी वाहत आहे, हे नकाशाला कोण सांगणार? नावांचाही घोटाळा होतो. ताडोब्याच्या एका प्रवेशद्वाराजवळ नवेगाव आहे आणि गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांध आहे. घाईत भलतेच नाव निवडले, तर दिवस फुकट जाईल. म्हणून गावाबरोबर तालुका आणि जिल्हा पाहूनच पुढे जावे.

अशा चुका जिवावरही बेततात. जानेवारी २०२१ मध्ये अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात एक मोटारगाडी रात्रीच्या वेळी फोनवरच्या नकाशाप्रमाणे जात होती. नकाशात पूल होता; प्रत्यक्षात तो धरणाच्या पाण्याखाली गेला होता. गाडी पाण्यात गेली आणि चालक बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगा नदीच्या पुलावरून गाडी खाली कोसळली आणि तिघांचा मृत्यू झाला. त्या पुलाचा एक भाग आधीच्या पुरात वाहून गेला होता. नकाशावर पूल अखंड दिसत होता आणि रस्त्यावर नीट अडथळाही उभा केलेला नव्हता. दोन्ही ठिकाणी उपग्रहांनी जागा सांगण्यात चूक केली नव्हती. पुढचा रस्ता खरोखर आहे की नाही, हे मात्र उपग्रहाला दिसत नसते.

आता भामरागडचा विचार करा. येथे इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम आहे. आलापल्लीहून येणारा रस्ता पेरमिली, ताडगाव, हेमलकसा या गावांवरून येतो आणि पर्लकोटा ओलांडून भामरागडात शिरतो. अनेक पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर येऊन जुना ठेंगणा पूल पाण्याखाली गेला आणि भामरागडचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटला. असे झाले, की पलीकडची माणसे पलीकडे आणि अलीकडची अलीकडे राहत. आजाऱ्याला दवाखान्यात नेणेही कठीण होई.

मोटारसायकलची गोष्ट मोटारगाडीहून वेगळी आहे. चारचाकीत क्षणभर लक्ष गेले तरी गाडी तोल सांभाळते. दुचाकीचा तोल चालकालाच सांभाळावा लागतो. एक साधे गणित करून पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. चालकाने तीन सेकंद फोनकडे पाहिले, तर गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते. हे अंतर कबड्डीची चार मैदाने लांबीने एकापुढे एक ठेवल्याएवढे झाले! तेवढ्या अंतरात खड्डा, बकरी, चितळ किंवा एखादे लहान मूल येऊ शकते.

म्हणून कायद्यानेही याचा विचार केला आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. वाहन चालवताना हातात धरून फोन वापरणे हा दंडाला पात्र गुन्हा आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे फोनचा उपयोग केवळ रस्ता पाहण्यासाठी करता येतो आणि तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. गिअरची मोटारसायकल चालवण्याचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो, हेही विसरू नका.

फोनच्याही काही अडचणी असतात. चंद्रपूरचा उन्हाळा प्रसिद्ध आहे. पारा ४५ अंशांच्या वर जातो. हँडलवर उन्हात ठेवलेला फोन तापतो, त्याचा पडदा अंधूक होतो आणि कधी तो बंदच पडतो. पावसात ओल्या पडद्यावर बोट नीट चालत नाही. इंजिनाच्या सततच्या थरथरीने काही फोनांचे कॅमेरे बिघडू शकतात, असा इशारा एका मोठ्या फोन कंपनीनेच २०२१ साली दिला होता. शिवाय जंगलात रेंज शोधता शोधता बॅटरी लवकर संपते. यासाठी फोन बहुतेक वेळ खिशातच असावा. महत्त्वाची गावे आणि फाटे एका कागदावर क्रमाने लिहून घ्यावेत. कागदाला बॅटरी लागत नाही.

मग मागे बसलेल्या तुम्ही काय करायचे? तुम्हीच खरे वाटाडे व्हायचे! चालत्या गाडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरून बसा. फाटा आला, की मामूंना गाडी रस्त्याच्या कडेला उभी करायला सांगा. मग फोन काढा, कागद पाहा, मैलाचा दगड वाचा आणि दिशा ठरवा. कानात यंत्र घालून बसू नका. मागच्या ट्रकचा भोंगा ऐकू आला पाहिजे. निघताना घरी कोणत्या रस्त्याने जाणार आणि कधी पोहोचणार, ते सांगा. संकटात ११२ या क्रमांकावर फोन करता येतो. त्या वेळी जवळचे गाव, किलोमीटरचा दगड किंवा फोनवर दिसणारे अक्षांश-रेखांश सांगितले, तर मदत लवकर पोहोचते.

जंगलाचे नियमही पाळायचे असतात. ताडोबा हे १९५५ साली घोषित झालेले महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच्या गाभा क्षेत्रात दुचाकीला प्रवेश नसतो. नकाशात तेथून जवळची वाट दिसली, तरी ती आपल्यासाठी नाही. वाघ, अस्वल, रानडुक्कर यांना नकाशा कळत नाही. ते कोठेही रस्ता ओलांडतात. म्हणून वनातून जाणारा प्रवास दिवसाउजेडी पुरा करावा. जनावर दिसले, तर दूरच थांबावे. छायाचित्र काढायला खाली उतरू नये.

आता पुन्हा मामूंकडे येऊ. तुम्ही दोघे आलापल्लीला पोहोचलात. पावसाची सर आली. चहाच्या टपरीवर गाडी उभी केली. मामूंनी फोन पाहिला. निळी रेघ भामरागडपर्यंत सरळ गेलेली होती. फोनच्या मते सव्वा-दीड तासाचा रस्ता! सहज बोलता बोलता मामूंनी टपरीवाल्यांना विचारले, “चाचा, पुढचा रस्ता कसा आहे?”

कप विसळता विसळता ते म्हणाले, “भाऊ, आज जाऊ नका. पर्लकोटेला पूर आहे. सकाळी तिकडं गेलेली गाडी हेमलकशाहून परत आली.”

मामूंनी फोन खिशात ठेवला. त्या रात्री तुमचा मुक्काम आलापल्लीतच झाला. घरी फोन करून मामूंनी अम्मीला सांगितले, “आज थांबतो. पाणी उतरलं, की निघतो.”

मुलांनो, सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता तुम्हीच द्या. उपग्रह तुम्ही कोठे आहात ते सांगतो. नकाशा रस्ता कोठे होता ते सांगतो. आज त्या रस्त्याने जाता येईल का, हे तेथे राहणारा माणूसच सांगू शकतो. त्याला विचारण्यात कसली लाज?

शब्दार्थ
वाटाड्या – वाट दाखवणारा, रहबर
विसंबणे – अवलंबून राहणे, भरवसा ठेवणे
मजल-दरमजल – एकेक टप्पा पार करत
क्षीण – कमजोर
पांदण – शेतातून जाणारी बैलगाडीची वाट
रपटा – नाल्यावरचा ठेंगणा पूल
फाटा – मुख्य रस्त्यापासून वेगळा होणारा रस्ता
गाभा क्षेत्र – वनाचा आतला, राखीव भाग
जिवावर बेतणे – प्राण धोक्यात येणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) विल्यम लॅम्टनची कबर कोठे आहे?
(२) भारतीय उपग्रह व्यवस्थेचे नाव काय?
(३) भामरागडजवळ कोणत्या तीन नद्यांचा संगम आहे?
(४) ‘अल्गोरिदम’ हा शब्द कोणाच्या नावावरून आला?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) फोनला चौथ्या उपग्रहाचा संदेश का लागतो?
(२) रेंज नसताना फोनवर काय कळते आणि काय कळत नाही?
(३) मोटारसायकलवर मागे बसणाऱ्याने कोणती काळजी घ्यावी?
(४) मामूंनी आलापल्लीला मुक्काम का केला?

प्र. ३. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(पांदण, अणुघड्याळ, दिवसाउजेडी)
(१) प्रत्येक उपग्रहात अचूक ______ असते.
(२) पावसाळ्यात ______ चिखलाने भरते.
(३) वनातला प्रवास ______ पुरा करावा.

प्र. ४. ‘वाट’ या शब्दापासून झालेल्या वाक्प्रचारांचे अर्थ शिक्षकांना विचारा आणि प्रत्येकाचा एकेका वाक्यात उपयोग करा.
वाट पाहणे, वाट चुकणे, वाट दाखवणे, वाट अडवणे

प्र. ५. पुढील उर्दू शब्दांसाठी मराठी शब्द लिहा.
मशरिक, मगरिब, शुमाल, जुनूब

उपक्रम : तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याचा नकाशा कागदावर काढा. पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या जागा, शाळेजवळचा धोक्याचा चौक आणि दवाखाना त्यात दाखवा. यांतील कोणत्या गोष्टी फोनवरच्या नकाशात नाहीत, ते पाहा आणि वर्गात सांगा.